एका शेतकऱ्याचा माग

ठाण्याची वागळे इस्टेट म्हटली की कारखानेच डोळ्यांसमोर येतात. औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले. ही त्याची पहिली वसाहत. त्याआधी येथे पाचपाखाडी गावाची जमीन होती. १८५३ साली ठाण्याला पहिली आगगाडी आली, तेव्हा या गावात भात पिकवणारा शेतकरी कोण होता? त्याने पत्रे लिहिली नाहीत, त्याची तसबीर नाही. मग त्याला शोधायचे कसे?

उलटे चालायचे. सातबारा उताऱ्यावर फेरफाराचा, म्हणजे बदलाचा, क्रमांक असतो. ती नोंद काढली की जमीन आधी कोणाची होती ते कळते. हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा. खातेदार वारला की वारसांची नावे लिहीत. त्यांत मुलगे असत, कधी विधवा. मुली मात्र क्वचितच. मुलगी सापडते कोतवालाच्या जन्ममृत्यूच्या वहीत. तेथेही पुष्कळदा बापाचे नाव आणि पुढे नुसते ‘मुलगी’!

जुने कागद मोडी लिपीत आहेत. ती शिकावी लागेल. पण वारस, दफ्तर, महसूल, खरीप हे शब्द तर तुमच्या उर्दूतलेच. ‘वरकस’ शब्द नवा वाटेल. वरकस म्हणजे भातशेतीवरची, उताराची हलकी जमीन. तेथले गवत आणि पालापाचोळा आणून उन्हाळ्यात राब भाजत, मग त्या राखेत भाताचे बी पेरत. शेतकऱ्याच्या नावे वरकस दिसली, की घरातली माणसे उन्हाळ्यात कुठे राबत होती, तेही समजते.