बोगदा जोडला, परंतु फाईल उघडत नाहीं : कारणें व तपासणीचा क्रम

सहकारी संस्थांचे हिशेब आतां खतावणीवरून संगणकावर येत आहेत. देशांतील सुमारें ६३,००० प्राथमिक कृषि पतसंस्थांच्या संगणकीकरणाची २,५१६ कोटि रुपयांची योजना केंद्र सरकारनें जून २०२२ मध्यें मंजूर केली. ज्या संस्थेचें कार्यालय एका गांवीं व गोदाम दुसऱ्या गांवीं आहे, तिला दोन्हीं ठिकाणचे संगणक जोडावे लागतात. व त्यासाठीं व्ही. पी. एन. ही सोय वापरतात. कित्येकदां असें होतें कीं, जोडणी झाल्याची खूण पडद्यावर दिसते, पण कार्यालयांतील फाईल गोदामांतून कांहीं केल्या उघडत नाहीं. या अडचणीचीं कारणें मोजकीं आहेत. तीं क्रमानें कशीं शोधावीं याचा विचार येथें करूं. वर्णन विंडोजच्या संगणकांस धरून केलें आहे.

व्ही. पी. एन. म्हणजे इंटरनेटच्या सार्वजनिक रस्त्यांतून नेलेला, सांकेतिक लिपीनें झांकलेला खासगी बोगदा होय. तो जोडला गेला याचा अर्थ एवढाच कीं, त्याचीं दोन टोकें परस्परांस ओळखतात. कालव्यास पाणी सुटलें म्हणजे वाफा भिजला, असें कोणीहि शेतकरी मानीत नाहीं. चारी मोकळी हवी आणि दारें धरणारा जागेवर हवा. तोच न्याय येथें लागू आहे. म्हणून वाट, नांव, दार व किल्ली या चार गोष्टी याच क्रमानें पाहाव्या.

वाट.— प्रत्येक संगणकास आंकड्यांचा पत्ता असतो. घरगुती व कार्यालयीन राउटर बहुधा १९२.१६८.१.० किंवा १९२.१६८.०.० या मालिकेंतले पत्ते वांटतात. दोन्हीं गांवीं एकच मालिका असल्यास घोटाळा होतो. गोदामांतील संगणकास १९२.१६८.१.२० हा पत्ता आपल्याच घरांतला वाटतो, व तो आपला निरोप बोगद्यांत घालीतच नाहीं. यास उपाय एकच. एका ठिकाणची मालिका बदलून, उदाहरणार्थ, १९२.१६८.४७.० अशी करावी. दुसरा दोष परतीच्या वाटेचा. बोगदा राउटरवर संपत असेल व फाईली त्यामागील संगणकावर असतील, तर उत्तर कोणत्या वाटेनें परत धाडावें हें त्या संगणकास किंवा त्याच्या राउटरास ठाऊक असलें पाहिजे. नाहीं तर निरोप पोहोंचतो, उत्तर मात्र येत नाहीं.

वाट तपासण्यास पिंग ही आज्ञा वापरतात. उत्तर आल्यास वाट ठीक आहे. परंतु उत्तर न आल्यास वाट बंदच आहे असें समजूं नये. कारण विंडोजची फायरवॉल पुष्कळदां पिंगला उत्तर देऊं देत नाहीं. अशा वेळीं पुढें सांगितलेली दाराची परीक्षा घ्यावी.

नांव.— एकाच इमारतींतील संगणक एकमेकांस हांक मारून शोधतात. ही हांक सामान्यतः बोगद्यापलीकडे जात नाहीं. म्हणून ‘नेटवर्क’च्या खिडकींत दूरचा संगणक दिसला नाहीं, तर तेवढ्यानें निराश होऊं नये. फाईलींच्या खिडकींतील पत्त्याच्या पट्टींत दोन उलट्या तिरक्या रेघा काढून त्यापुढें आंकड्यांचा पत्ता लिहावा. फोल्डर उघडला, तर दोष केवळ नांवाचा आहे. मग नांव व आंकडे यांची जोडी संगणकाच्या ‘होस्ट्स’ नामक फाईलींत नोंदवावी. मात्र तो पत्ता वारंवार बदलणार नाहीं अशी तजवीज राउटरमध्यें करून ठेवावी.

दार.— विंडोज फाईली देते त्या दाराचा क्रमांक ४४५ आहे. पॉवरशेलमधील ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ या आज्ञेनें, पत्ता व हा क्रमांक देऊन, तें उघडें आहे कीं नाहीं हें कळतें. तें बंद आढळल्यास प्रथम फायरवॉल पाहावी. खासगी जाळ्यासाठीं असलेला फाईल-वांटणीचा नियम साधारणपणें आपल्याच मालिकेंतील संगणकांस आंत घेतो. बोगद्यांतून येणाऱ्याचा पत्ता निराळ्या मालिकेंतला असतो. म्हणून तो परका ठरतो. शिवाय विंडोज बोगद्याचें जाळें कित्येकदां ‘सार्वजनिक’ समजते व तेथें वांटणी बंद ठेवते. संपूर्ण फायरवॉल बंद करण्याचें कांहींएक कारण नाहीं. त्या एका नियमाच्या कक्षेंत बोगद्याची मालिका तेवढी घालावी.

किल्ली.— संगणकानें नांव व पासवर्ड विचारला, किंवा परवानगी नाहीं असें सांगितलें, तर ती चांगली खूण समजावी. वाट व दार दोन्हीं ठीक आहेत. उरला तो किल्लीचा प्रश्न. ज्या संगणकावर फाईली आहेत, त्या संगणकावरील खात्याचें नांव व पासवर्ड येथें लागतो. संगणक उघडण्याचा चार आंकडी पिन या कामीं चालत नाहीं. पासवर्ड नसलेलें खातेंहि विंडोज दूरवरून स्वीकारीत नाहीं. यापुढें परवानग्या दोन ठिकाणीं असतात. एक वांटणीची व दुसरी फोल्डरची. दोहोंत जी अधिक कडक ती लागू पडते. एक मोकळी करून दुसरी तशीच ठेवल्यानें अनेकांचा वेळ वायां जातो.

चारहि गोष्टी ठीक असून लहान फाईल येते व मोठी मध्येंच अडते, असें घडल्यास पुडक्यांचा आकार पाहावा. साध्या जाळ्यांत एक पुडकें १५०० बाइटांपर्यंत असतें. बोगदा त्यावर आपलें वेष्टन चढवितो, व पुडकें वाटेंत मावत नाहीं. बोगद्यासाठीं हा आकार कमी करावा. वायरगार्डमध्यें तो सामान्यतः १४२० असतो.

आतां धोक्याविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. फाईल उघडेना म्हणून कांहीं लोक राउटरमधून ४४५ चें दार थेट इंटरनेटवर उघडतात, किंवा फाईल-वांटणीची पहिली, जुनी पद्धत पुन्हां चालू करतात. मे २०१७ मध्यें ‘वॉनाक्राय’ नांवाची जी सांथ आली, ती याच जुन्या पद्धतींतील छिद्रांतून पसरली. सुमारें १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांतील फाईली तिनें कुलूपबंद करून खंडणी मागितली. त्या छिद्राचा उपाय मायक्रोसॉफ्टनें दोन महिने आधींच, मार्चमध्यें, प्रसिद्ध केला होता. ज्यांनीं तो बसविला नव्हता ते सांपडले. सभासदांचीं कर्जखातीं ज्या संगणकावर आहेत, तो अशा दारांत ठेवणें म्हणजे खळ्यावरील रास उघडी टाकून निजण्यासारखें आहे.

तसेंच हिशेबाची मूळ फाईल बोगद्यांतून उघडून तींत नोंदी करीत बसूं नये. मध्येंच वीज किंवा जोडणी गेली तर ती बिघडण्याचा संभव असतो. कार्यालयांतील संगणकच दुरून चालविण्याची सोय करावी, आणि दर आठवड्यास एक प्रत निराळ्या साधनावर काढून ती जोडणीपासून अलग ठेवावी.

तपासणी करतांना एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, बदल वहींत लिहावा, आणि उपयोग न झाल्यास पूर्ववत् करून पुढें जावें. एकदम पांच बटणें फिरविणारास फाईल मिळाली तरी कारण कळत नाहीं, आणि उघडें राहिलेलें दार कोणतें हेंहि कळत नाहीं. संस्थेच्या चिटणीसांनीं दोन्हीं ठिकाणचे पत्ते, नियम व बदल यांची नोंद कार्यालयांत ठेविल्यास पुढील खेपेस बाहेरच्या माणसाची वाट पाहावी लागणार नाहीं. आणि तो आलाच, तर त्यानें काय केलें हें सभासदांस विचारतां येईल.