तिथी घरात, शनिवार मंडळात

नोकरीसाठी परदेशात गेलेल्या मराठी घरांना पहिल्या दिवाळीत तेच प्रश्न पडतात. लक्ष्मीपूजन नक्की कधी? सुट्टी मिळेल का? फराळ करायचा की मागवायचा? देशागणिक उत्तरं वेगळी आहेत आणि ती आधीच माहीत असली तर पुष्कळ धावपळ वाचते.

पूजा कोणत्या दिवशी?

अमावास्या साऱ्या जगात एकाच क्षणी लागते, पण लक्ष्मीपूजनाला अमावास्येची संध्याकाळ लागते आणि संध्याकाळ प्रत्येक गावाची आपापली. २०२४ मध्ये भारतात अमावास्या ३१ ऑक्टोबरला दुपारी चारच्या सुमारास लागली आणि १ नोव्हेंबरला संध्याकाळी सव्वासहापर्यंत होती. महाराष्ट्रात पूजन १ तारखेला झालं. न्यूयॉर्कच्या घड्याळात तीच अमावास्या ३१ तारखेला पहाटे लागून १ तारखेला सकाळी पावणेनऊला संपली. म्हणजे तिथे अमावास्येची संध्याकाळ एकच, ३१ ऑक्टोबरची. नेमका त्याच दिवशी हॅलोविन होता. दारात आकाशकंदील, उंबऱ्याशी पणत्या आणि चॉकलेटं मागायला आलेली भुताखेतांच्या वेशातली पोरं, असं दृश्य त्या वर्षी घरोघरी दिसलं. म्हणून भिंतीवरचं पुण्या-मुंबईचं कॅलेंडर प्रमाण न मानता आपल्या शहराचं पंचांग पाहावं. आता ते फोनवर सहज मिळतं.

सुट्टी कुठे आहे, कुठे नाही

सिंगापूर, मलेशिया, मॉरिशस, फिजी, त्रिनिदाद इथे दिवाळीची सार्वजनिक सुट्टी असते. मात्र सिंगापूरची सुट्टी तमिळ परंपरेप्रमाणे येते, त्यामुळे आपल्या लक्ष्मीपूजनाशी ती दरवर्षी जुळेलच असं नाही. न्यूयॉर्क शहरातल्या सरकारी शाळांना दिवाळीची सुट्टी देणारा कायदा २०२३ मध्ये झाला आणि १ नोव्हेंबर २०२४ ला त्या शाळा पहिल्यांदा दिवाळीसाठी बंद राहिल्या. बाकी बहुतेक ठिकाणी रजा टाकावी लागते. ती लक्ष्मीपूजनापेक्षा नरकचतुर्दशीला टाकावी, असं माझं मत आहे. संध्याकाळची पूजा ऑफिसहून आल्यावरही होते. पहाटेचं अभ्यंगस्नान मात्र शाळेच्या बसच्या घाईत उरकलं तर मुलांच्या लक्षात काहीच राहत नाही. तेल, उटणं, ओवाळणं आणि मग सगळ्यांनी एकत्र बसून फराळ, एवढ्याला निवांत सकाळ हवी.

मंडळाची दिवाळी

लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचं, तर उत्तर अमेरिकेतल्या मंडळांना जोडणारं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ चं. मंडळाची दिवाळी शनिवारी, भाड्याच्या हॉलमध्ये, कधी तिथीनंतर दोन-तीन आठवड्यांनीही होते. हॉल मिळेल तेव्हा कार्यक्रम, याला इलाज नाही. तिथे जावंच, मुलांना आपल्यासारखं बोलणारी शंभर माणसं एका वेळी फार क्वचित दिसतात. पण सगळी दिवाळी शनिवारवर ढकलली की घरातली तिथी हळूहळू सुटते. वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत रोज संध्याकाळी दोन पणत्या आणि दारात चार बोटांची रांगोळी, इतकं तरी त्या त्या दिवशी घरी व्हायला हवं.

फराळ घरी करताना

साहित्य आता भारतीय दुकानांत मिळतं. लाडवाचं जाड बेसन, पातळ पोहे, उटणं, सगळं. तूप मात्र बिनमिठाचं लोणी आणून घरीच कढवावं, स्वस्त पडतं आणि घमघमतं. चकलीची भाजणी विकतची असली तर आधी थोड्या पिठाच्या दोन चकल्या तळून पाहाव्यात. तेलात विरघळल्या तर मोहन जास्त झालंय, दगडासारख्या झाल्या तर कमी.

खरी अडचण तळणीची. अमेरिकेतल्या अनेक अपार्टमेंटांत शेगडीवरचा पंखा धूर बाहेर न टाकता गाळून परत घरातच सोडतो. पहिला घाणा निघेपर्यंत स्मोक अलार्म बोंबलतो आणि तेलाचा वास आठवडाभर कपड्यांना राहतो. म्हणून तळणीचे पदार्थ दोन-तीन घरांनी मिळून एखाद्याच्या अंगणात किंवा पॅटिओत करतात. सोऱ्या एकीच्या हातात, झारा दुसरीच्या, कडबोळी वळायला पोरं. चिवड्याचे पोहे ओव्हनमध्ये मंद आचेवर छान कुरकुरीत होतात.

पार्सल पाठवणाऱ्यांनी वाचावं असं

हे इथल्या आई-वडिलांसाठी. दुबईला आणि सिंगापूरला खसखस अजिबात पाठवू नये. तिथे ती अफूच्या झाडाचं बी म्हणून बंदी असलेल्या वस्तूंत मोडते आणि सोबत नेणाऱ्यावर कारवाई होऊ शकते. आपल्याकडे अनारसे खसखशीवर थापतात, करंजीच्या सारणातही ती भाजून घालतात, म्हणून फराळाच्या डब्याचा इथे विशेष विचार करायला हवा. अनारसे तिळावर थापावेत. उत्तरेत तसेच करतात आणि लागतातही छान.

ऑस्ट्रेलियाला पेढे, बर्फी, गुलाबजाम पाठवू नयेत. दुधाच्या मिठाईला तिथे मज्जाव आहे. ताजी फुलं आणि आंब्याच्या पानांचं तोरणही नको. अमेरिकेने २९ ऑगस्ट २०२५ पासून ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची करमाफी बंद केली, म्हणून डबा देण्याआधी भेटवस्तूचा सध्याचा नियम कुरियरवाल्याकडून स्पष्ट करून घ्यावा. दिवाळी अंक वजनाला जड पडतात. ते वेगळे पाठवावेत किंवा ई-अंक घ्यावेत.

फटाके

सिंगापुरात १९७२ पासून बंदी आहे. अमेरिकेत राज्याराज्याचा कायदा वेगळा: न्यू जर्सीत फुलबाज्या चालतात, मॅसॅच्युसेट्समध्ये त्याही नाहीत. इंग्लंडमध्ये एरवी रात्री अकरानंतर मनाई असते, दिवाळीच्या रात्री मात्र एकपर्यंत परवानगी आहे.

भाऊबीज आणि घड्याळ

बहीण पुण्यात, भाऊ न्यूयॉर्कमध्ये, मध्ये व्हिडिओ कॉल. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं तासभर मागे जातात आणि भारताशी असलेलं साडेनऊ तासांचं अंतर साडेदहा होतं. २०२४ मध्ये भाऊबीज नेमकी त्याच रविवारी, ३ नोव्हेंबरला आली होती. त्यानंतरच्या तारखांना पुण्यात संध्याकाळी साडेसहाला निरांजन लावलं तर न्यूयॉर्कमध्ये सकाळचे आठ वाजलेले असतात. भावाने त्याआधी आंघोळ करून, पाट मांडून बसावं. समोर त्याची मुलगी असेल तर कुंकू आणि अक्षता तिने लावाव्यात आणि आत्याने तिकडून ओवाळावं.