जुन्या सन वर्कस्टेशनला सॉफ्टवेअर शोधताना

समजा, तुमच्या गावच्या विद्यापीठाच्या सरप्लस सेलमध्ये तुम्हाला एक चपटा डबा दिसला, अगदी पिझ्झाच्या खोक्यासारखा, आणि त्यावर लिहिलंय 'स्पार्कस्टेशन ५'. नव्वदच्या दशकात एमएस करायला इथे आलेल्यांना लॅबमधल्या रात्री आठवतील. तुम्ही तो घरी आणता. आणि मग प्रश्न पडतो: यावर चालवायचं काय?

थोडी ओळख आधी. सन मायक्रोसिस्टिम्स १९८२ साली कॅलिफोर्नियात सुरू झाली. चार संस्थापकांपैकी विनोद खोसला यांचा जन्म पुण्याचा. पुढे १९९८ मध्ये पुण्याच्याच सी-डॅकने 'परम १००००' हा महासंगणक उभारला, तोही सनच्या अल्ट्रास्पार्क प्रोसेसरांवर. २०१० साली ओरॅकलने सन विकत घेतली. त्यामुळे सोलारिसचे हक्क आज ओरॅकलकडे आहेत. जुन्या सीडींच्या प्रती इंटरनेट आर्काइव्हवर दिसतात खऱ्या, पण 'तिथे आहे' म्हणजे 'फुकट वापरायला परवानगी आहे' असं नाही. हा घोळ नको असेल तर नेटबीएसडी वापरा. ती मोकळी आहे आणि या मशीनवर आजही चालते.

पण शोधाशोध करण्याआधी एक काम करा, आणि ते आजच करा. मशीन सुरू करून पहिल्या पडद्यावर दिसणारा इथरनेट पत्ता आणि होस्ट आयडी कागदावर उतरवून ठेवा. हे आकडे एका छोट्या चिपमध्ये साठवलेले असतात आणि त्या चिपच्या पोटातच बॅटरी असते. तिचं आयुष्य साधारण दहा वर्षं. मशीन १९९४ चं. म्हणजे बॅटरी एव्हाना गेलेली असण्याचीच शक्यता जास्त, आणि तसं असेल तर 'आयडीप्रॉम अवैध' अशा अर्थाचा संदेश येतो. यात सॉफ्टवेअरचा काय संबंध? त्या काळात सनच्या सी कंपायलरसारख्या महागड्या सॉफ्टवेअरचं लायसन्स या होस्ट आयडीलाच बांधलेलं असे. डिस्क शाबूत, प्रोग्राम शाबूत, पण तो नंबर हरवला की कुलूप उघडत नाही. आकडे ठाऊक असतील तर 'ओके' प्रॉम्प्टवर ते पुन्हा भरता येतात. मात्र चिप बदलेपर्यंत, किंवा तिला बाहेरून नाण्यासारखा सेल जोडेपर्यंत, वीज बंद केली की पुन्हा पाटी कोरी.

आता आवृत्ती. स्पार्कस्टेशन ५ वर सोलारिस ९ पर्यंत चालतं, पुढचं नाही. माझं मत विचाराल तर २.६ किंवा ७ घ्या. ९ ओढताना बिचाऱ्याला धाप लागते. इन्स्टॉल करताना 'डेव्हलपर' गट निवडा. कारण सोलारिस २ पासून सनने सी कंपायलर वेगळा विकायला काढला. लोक मग जीसीसीकडे वळले. पण जीसीसी सोर्समधून बांधायला आधी कंपायलर हवा! कोंबडी आधी की अंडं, तसंच. म्हणून लोक आधीच बांधून ठेवलेली पॅकेजेस वाटत, आणि नवशिक्यानेही तीच शोधावीत. त्यांना लागणाऱ्या हेडर फाइल्स आणि लिंकर 'डेव्हलपर' गटात येतात.

पॅकेज शोधताना फाइलचं नाव नीट वाचा. त्यात 'सोल२६-स्पार्क' असं काहीतरी असतं. 'एक्स८६' दिसलं तर ते इंटेलच्या सोलारिससाठी, तुमच्या उपयोगाचं नाही. इथे एक गंमत आहे: 'यूनेम' आज्ञा दिलीत तर मशीन स्वतःला ५.६ म्हणवतं. घाबरू नका, सनओएस ५.६ म्हणजेच सोलारिस २.६, आणि ५.७ म्हणजे ७.

फाइल थेट या मशीनवर उतरवायचा हट्ट सोडा. त्याच्या ब्राउझरला आजच्या वेबसाइट्सचं एन्क्रिप्शन कळत नाही. रोजच्या लॅपटॉपवर उतरवा आणि घरच्या नेटवर्कमधूनच एफटीपीने पाठवा. पाठवण्याआधी 'बिन' टाइप करायला विसरू नका. मी विसरलो होतो. फाइल टेक्स्ट समजून पाठवली गेली, मधले बाइट बदलले, आणि पॅकेज उघडत का नाही हे शोधण्यात माझ्या दोन संध्याकाळी गेल्या. बायको म्हणाली, "एवढ्यात नवा कॉम्प्युटर आला असता."

सीडी ड्राइव्हचंही तसंच. स्कझीवर चालणारा कुठलाही ड्राइव्ह लावून ही मशीन सीडीवरून बूट होत नाहीत. ५१२ बाइटचे ब्लॉक वाचणाराच हवा. तो शोधत बसण्यापेक्षा ब्लूस्कझीसारखं छोटं सर्किट घ्या. त्यात एसडी कार्ड घातलं की ते स्कझी डिस्कचं किंवा सीडी ड्राइव्हचं सोंग हुबेहूब वठवतं. मॉनिटर नसला तरी अडत नाही. कीबोर्ड काढून ठेवा, सिरियल केबल लॅपटॉपला जोडा, वेग ९६०० ठेवा. थोड्या वेळाने 'ओके' दिसेल. त्यापुढे 'बॅनर' टाइप करा आणि तो होस्ट आयडी उतरवून घ्या. कागद-पेन शेजारी ठेवलंय ना?