अडलेला खण, आणि आत आजोबांचा दाखला

पावसाळा लागला की दारे चौकटीत बसत नाहीत, खिडक्या लागत नाहीत आणि जुन्या टेबलाचे खण उघडत नाहीत. हा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांच्या घरचा आहे. एरवी आपण 'राहू दे, दिवाळीत उघडेल' म्हणून सोडून देतो. पण त्याच खणात अडीनडीचे कागद असले म्हणजे सोडून देता येत नाही. आमच्या घरी नेमके तेच झाले.

आमच्याकडे माझ्या आजेसासऱ्यांचे सागवानी टेबल आहे. १९४७ साली विलायतेला परत निघालेल्या कुणा साहेबाचे सामान विकले गेले. त्यातले हे टेबल त्यांनी चोरबाजारातून विकत घेतले आणि हातगाडीवर घालून चाळीत आणले. दहा बाय बाराच्या खोलीत ते एवढे मोठे टेबल पाहून शेजारी हसले होते म्हणे. पण त्याच टेबलावर माझे सासरे मॅट्रिक झाले, माझे मालक पदवीधर झाले, आणि आता माझी मुलगी अभ्यास करते.

टेबलाला समोर दोन खण आहेत. डाव्या खणात घरातले जुने कागद असतात. त्यातच आजेसासऱ्यांचा १९३८ सालचा शाळा सोडल्याचा दाखला. मुलीच्या प्रवेशासाठी जात पडताळणीचे प्रमाणपत्र हवे होते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात हे आपल्या वाचकांना सांगायला नको. तो दाखला म्हणजे आमचा सगळ्यात भक्कम पुरावा. आणि ऐन जुलैत खण अडला.

पुतण्याने मूठ धरून ओढली, तर मुठीचा एक खिळा निघून हातात आला. मग त्याने फटीत स्क्रू ड्रायव्हर घातला आणि हातोडी उचलली. एकच ठोका बसला. त्याची खूण टेबलावर आजही आहे. आवाज ऐकून शेजारचे सुतारमामा दारात आले. उभा जन्म त्यांनी रंधा आणि पटाशी चालवली. ते म्हणाले, "बाळा, थांब. तू फळी फोडशील, आणि आतला कागदही फाडशील. आधी खण कशानं अडलाय ते तर बघू."

त्या दिवशी मामांकडून जे शिकले ते आपल्या घरीही उपयोगी पडेल म्हणून लिहिते आहे.

खण का अडतो?

लाकूड हवेतला ओलावा शोषते आणि फुगते. पण ते सगळीकडून सारखे फुगत नाही. रेषांच्या लांबीच्या दिशेने जवळजवळ काहीच फरक पडत नाही. रेषांना आडवे मात्र ते चांगलेच वाढते. खणाच्या बाजूच्या फळ्यांत रेषा पुढून मागे जातात, म्हणून त्या फळ्या उंचीला वाढतात. सहा इंच उंचीची सागवानी फळी उन्हाळ्यापेक्षा पावसाळ्यात एक ते दोन मिलिमीटर जास्त भरू शकते. खणाच्या वर फट असते तीच मुळी एवढी. ती भरली की खण जाम.

पण प्रत्येक वेळी दोष पावसाचाच नसतो. कधी कुलूप लागलेले असते. कधी आतली फाईल उभी राहून वरच्या फळीला अडकते. कधी वजनाने खणाचा तळ वाकतो, तर कधी एखादा खिळा वर आलेला असतो. आणि कधी जमीनच सपाट नसते. टेबलाचा एक पाय अधांतरी राहिला की सांगाडा तिरपा होतो आणि खण चावतो.

ओढण्याआधी तपासा

पहिली गोष्ट, टेबलावरचे सगळे ओझे उतरवा. मग टेबल हलवून पाहा. डुगडुगत असेल तर ज्या पायाखाली पोकळी आहे तिथे पुठ्ठ्याची घडी द्या. कित्येक खण एवढ्यानेच सुटतात.

दुसरी गोष्ट, खणाच्या वरच्या फटीतून जुने पोस्टकार्ड सरकवा आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत न्या. मधोमध, कुलपाच्या जागी, ते टणक धातूला अडले तर कुलपाची जीभ वर आहे असे समजा. मग ओढून काही होणार नाही. किल्ली हरवली असेल तर चावीवाल्याला बोलवा. त्याची मजुरी नव्या फळीपेक्षा स्वस्त पडते.

तिसरी गोष्ट, शेजारचा किंवा वरचा खण पूर्ण बाहेर काढा. मध्ये फळी नसेल तर तिथून हात आत जातो. आमच्या टेबलाचा उजवा खण काढल्यावर मामांनी बॅटरी लावून पाहिले. एका फाईलचा कोपरा वर आला होता. त्यांनी स्टीलची पट्टी आडवी घालून तो हलकेच खाली दाबला. तळ वाकला असेल तर खालून तळहाताने वर रेटा द्यावा आणि त्याच वेळी दुसऱ्याने खण ओढावा.

ऊब द्या, भाजू नका

फाईल दाबली तरी आमचा खण दोन बोटेच पुढे आला. म्हणजे फळ्या फुगलेल्या होत्याच. मामांनी उजव्या खणाच्या रिकाम्या जागेत स्टीलच्या ताटलीवर चाळीस वॅटचा जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब ठेवायला सांगितला. एलईडी दिव्याची ऊब यासाठी पुरत नाही. बल्ब लाकडापासून आणि कागदापासून वीतभर लांब हवा. घरात कुणी जागे असेल तेव्हाच लावायचा, रात्री मुळीच नाही. दिवसा चार-चार तास, असे तीन दिवस. आतली हवा कोरडी झाली की लाकूड हळूहळू आकसते.

माझ्या जाऊबाई म्हणाल्या, "त्यापेक्षा इस्त्री फिरवू का?" मामांनी हात जोडले. जुने फर्निचर सरसाने जोडलेले असते. सरस उष्णतेने आणि पाण्याने मऊ पडतो आणि सांधे सुटतात. वरचे लाखेचे पॉलिशही उष्णतेने चिकट होते आणि पाण्याने पांढरे पडते. म्हणून इस्त्री नको, वाफ नको, शेगडी तर नकोच नको.

तेलाचेही तसेच. खोबरेल तेल किंवा रॉकेल फटीत सोडण्याची आपल्याकडे सवय आहे. तेल लाकडात मुरते, डाग पडतो, धूळ बसून चिकटा होतो. पुढे तिथे सरस धरत नाही आणि पॉलिशही बसत नाही. आत कागद असतील तर तेही तेलकट होतात.

ओढायची रीत

एकाच मुठीने ओढू नये. खण तिरपा होऊन आणखी घट्ट बसतो. दोन्ही मुठी धरून सरळ रेषेत, धक्का न देता ओढावे. थोडा आला की पुन्हा आत ढकलावा, पुन्हा ओढावा. तरीही न आल्यास टेबलाची मागची फळी स्क्रू काढून वेगळी करावी. मग खणाच्या बाजूच्या फळ्यांच्या मागच्या टोकांवर लाकडी ठोकळा धरून, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, हलके ठोके द्यावेत. खणाच्या मागच्या फळीवर मधोमध ठोकले तर तीच उखडते.

चौथ्या दिवशी सकाळी आमचा खण आवाज न करता बाहेर आला. दाखला जसाच्या तसा होता. माझ्या मुलीने पणजोबांचे नाव, गाव आणि इयत्ता मोठ्याने वाचून दाखवली.

उघडल्यावर काय करावे?

खण रिकामा करून उलटा करा. जिथे लाकूड घासून चकाकते तिथेच ते अडते. त्या जागी बारीक काचपेपर दोन-चार वेळा फिरवा आणि साधी पांढरी मेणबत्ती कोरडीच घासा. काहीजण साबण लावतात, पण साबण ओलावा धरतो. मेणबत्ती बरी. पावसाळ्यात रंधा मारण्याचा मोह टाळा. आज काढलेले लाकूड परत येत नाही, आणि फेब्रुवारीत हवा कोरडी झाली की तोच खण खुळखुळा होतो. सांधा सुटला असेल तर खिळा ठोकू नका. सुताराकडून सरसाने जोडून घ्या.

आता एक गोष्ट आमच्या चुकीची. एवढे मोलाचे कागद आम्ही एकाच जागी कोंबून ठेवले होते. आता मूळ दाखला कोरड्या फाईलमध्ये, त्याची झेरॉक्स गावी दिरांकडे आणि फोटो मुलीच्या मोबाइलमध्ये आहे. जुना कागद लॅमिनेट मात्र करू नका. प्लॅस्टिक एकदा चिकटले की ते निघत नाही आणि कागद कायमचा खराब होतो. आपल्या आजोबा-पणजोबांचे दाखले कुठे आहेत, कोणत्या खणात, कोणत्या पेटीत, हे या पावसाळ्यापूर्वीच एकदा पाहून ठेवा. प्रवेशाच्या धावपळीत चार दिवस थांबायला आपल्याला वेळ असेलच असे नाही.

मामांनी मजुरी घेतली नाही. चहा घेतला. जाताना पुतण्याच्या हातात मेणबत्तीचा उरलेला तुकडा देऊन म्हणाले, "दर वर्षी मे महिन्यात फिरवत जा. हे टेबल तुझ्या नातवालाही पुरेल." पुतण्याने तो तुकडा त्याच खणात ठेवला आहे.