भुभळीतला बटाटा आणि शिवरात्रीचे व्रत

माघ वद्य चतुर्दशी जवळ आली की पंचवटीतील कपालेश्वरापासून त्र्यंबकेश्वरापर्यंत शिवनामाचा घोष दुमदुमू लागतो, आणि त्याच सुमारास घरोघरच्या माजघरांत एक जुनाच प्रश्न नव्याने उभा राहतो : उपवासाला बटाटा चालतो काय? कीर्तनाची आरती आटोपल्यावर कित्येक माताभगिनी आम्हांसही तो विचारतात. प्रश्न स्वयंपाकघरातला खरा. परंतु त्याच्या पोटात व्रताचा अर्थच दडलेला असल्यामुळे त्याचा थोडा विस्ताराने विचार करणे उचित होईल.

बटाटा हा परका, ही शंका निराधार नाही. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या उतारांवर हजारो वर्षांपूर्वी त्याची लागवड सुरू झाली. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला आणि पुढे पोर्तुगीजांच्या गलबतांतून तो आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरला. ‘बटाटा’ हे नावही आपण पोर्तुगीजांकडूनच घेतले. अशा वस्तूचे नाव प्राचीन ग्रंथांत कोठून सापडावे? तथापि शास्त्र नावापेक्षा जात पाहते. ज्या आठ गोष्टींनी व्रतभंग होत नाही त्या महाभारताच्या उद्योगपर्वात सांगितल्या आहेत. त्यांत जल, मूळ, फळ आणि दूध यांची गणना आहे. बटाटा जमिनीखाली वाढणारा कंद. म्हणून त्याला कंदमुळांच्या पंक्तीत बसविणे लोकरूढीस सयुक्तिक वाटले. ज्या पंचवटीत प्रभु रामचंद्रांनी कंदमुळांवर वनवास कंठला, तेथील रहिवाशांना हे निराळे समजावून सांगावयास नको. शिवाय बटाट्याला परका म्हणून दूर ठेवावयाचे, तर रताळे, शेंगदाणा, मिरची आणि साबूदाणा ज्यापासून करतात तो कंद, हे सारे अमेरिकेतूनच आलेले आहेत. मग ताटात आमच्या जिल्ह्यातील डोंगरी शेतकऱ्याची वरी तेवढी उरेल!

खरा दोष बटाट्यात नसून आपल्या कढईत आहे. उपवासाच्या दिवशी तेलातुपात तळलेले वडे, चिवडा आणि पापड्या यांची रास पडते आणि ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण शिवरात्रीलाही लागू होते. शिवरात्रीस निराहार राहणे हे उत्तम; ज्यांस ते झेपत नाही त्यांच्यासाठी फराळ ही सवलत आहे, मेजवानी नव्हे. या सवलतीला शोभेल असा पदार्थ म्हणजे निखाऱ्याच्या राखेत भाजलेला बटाटा. त्याला तळण नको, वाटण नको. हवा तो केवळ थोडा धीर.

मध्यम आकाराचे, सारख्या वजनाचे बटाटे निवडावेत. हिरवी झाक आलेले किंवा मोड फुटलेले घेऊ नयेत. त्यांत अपायकारक द्रव्य वाढलेले असते. स्वच्छ धुऊन पूर्ण कोरडे करावेत आणि सुईने चार ठिकाणी टोचावेत, म्हणजे आतली वाफ कोंडून ते फुटणार नाहीत. नंतर ते भुभळीत पुरावेत, धगधगत्या निखाऱ्यावर नव्हे. ‘आगीतून फुफाट्यात’ ही माणसाची दुर्दशा खरी, पण बटाट्याचे भले फुफाट्यातच होते. आगीवर साल करपते आणि गाभा कच्चा राहतो. पाऊण ते एक तासात सुरीचे टोक सहज आत जाते. चूल नसेल तर ओव्हन 200 अंशांवर तापवून तासभर ठेवावेत, किंवा जाड लोखंडी कढईत झाकण घालून मंद आचेवर उलटसुलट करीत भाजावेत. चकाकत्या कागदात गुंडाळले तर ते भाजत नाहीत, वाफवले जातात.

बटाट्यात सुमारे चार पंचमांश पाणीच असते. भाजताना त्यातले काही वाफ होऊन निघून जाते, म्हणून गर पिठूळ व मोकळा होतो; उकडलेल्या बटाट्यास ती खुमारी येत नाही. बाहेर काढताच राख झटकून तो फोडावा, नाही तर कोंडलेल्या वाफेने चिकट होतो. वर सैंधव, जिऱ्याची पूड आणि चमचाभर साजूक तूप. वाटल्यास सोबत दही. हीच रीत रताळ्यासही लागू आहे. मंद आचेने त्यातील पिठाची साखर होऊन ते अधिक गोड लागते.

ज्यांच्या कुलाचारात बटाटा वर्ज्य असेल त्यांनी तो खुशाल वर्ज्य करावा. परंतु शेजारणीच्या ताटाकडे पाहून नाक मुरडू नये. आणखी एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगतो. व्रतभंग न करणाऱ्या त्या आठांत औषधही आहे. म्हणून घरातील मधुमेही वडीलधाऱ्यांनी उपवासाच्या नावाखाली स्वतःच्या मनाने गोळी टाळू नये किंवा इन्सुलिन चुकवू नये. उपवास करावा की नाही, आणि केल्यास काय व किती खावे, हे वैद्यास आधीच विचारावे. बटाटा आणि रताळे दोन्ही रक्तातील साखर वाढवितात. सुनेने सासऱ्यांच्या हाती बटाट्याची फोड देताना गोळीची आठवण केली, तर ती शिवाचीच सेवा होय.

रात्री चार प्रहरांची पूजा असते. पहिल्या प्रहरीच्या पूजेपूर्वी बटाटे राखेत पुरून ठेवावेत. अभिषेक, बिल्वार्पण आणि आरती होईपर्यंत ते सिद्ध होतात. आधी देवापुढे ठेवावेत आणि मग प्रत्येकाने एकेक घ्यावा.