टोपलीतले मूल आणि अग्नीचा रथ

मांडव्याच्या धक्क्यावर उतरून सासवणे, आवास, किहीम, नवगाव, थळ असा दक्षिणेकडे जाणारा किनारा ज्यांनी पाहिला आहे, त्यांच्यापैकी फारच थोड्यांना हे ठाऊक असेल, की अब्राहाम, योसेफ आणि मोशे यांची चरित्रे मराठी कीर्तनात गुंफणारा बेने इस्रायल हा ज्यू समाज याच मुलखात पिढ्यानपिढ्या नांदला. आपले पूर्वज नवगावपाशी गलबत फुटून किनाऱ्यास लागले, असे बेने इस्रायल परंपरेने सांगत आले. शब्बाथाला, म्हणजे शनिवारी, तेलाचा घाणा बंद ठेवीत म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. आणि किहीमकर, नवगावकर, दिवेकर ही त्यांची आडनावे म्हणजे जणू या किनारपट्टीचे जमाबंदीचे दप्तरच होय.

या समाजाला हिब्रू व्याकरण शिकवण्यासाठी मिशनरी जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये मराठीत पुस्तक रचले, आणि त्याच शतकाच्या उत्तरार्धात समाजातील उत्साही मंडळींनी हरिदासांच्या धर्तीवर आख्याने लावून हिब्रू धर्मग्रंथांतील कथा मराठी कानांपर्यंत पोचवले. काव्यातील पूर्वकथेचा निर्देश उमगावा म्हणून काय लागते, याचे याहून उत्तम उदाहरण मला दुसरे दिसत नाही. कवी केवळ एक नाव उच्चारतो आणि उरलेली कथा श्रोत्याने आणावी अशी अपेक्षा धरतो. श्रोत्यापाशी ती कथा नसेल, तर कवितेचा अर्धा अर्थ तिथेच अडून राहतो.

मोशेचेच पाहा. डांबर व राळ लावलेल्या लव्हाळ्याच्या पेटीत निजवलेले ते अर्भक नील नदीच्या काठी ठेवले जाते, हे ऐकताच मराठी मनाला अश्वनदीत सोडलेली, मेणाने बंद केलेली कर्णाची पेटी आठवल्यावाचून राहत नाही. आणि ही आठवण रास्तच आहे. परंतु अर्थ कळतो तो साम्य जेथे संपते तेथे. कुंतीने लोकापवादाच्या भयाने पुत्राला प्रवाहाच्या स्वाधीन केले आणि युद्ध दाराशी येईपर्यंत त्याच्यापुढे आपले मातृत्व उघड केले नाही. मोशेच्या आईने मात्र फारोच्या बालहत्येच्या हुकमापासून त्याला वाचवण्यासाठी ती पेटी ठेवली, बहीण दूर उभी राहून पाहत होती, आणि राजकन्येने मूल उचलल्यावर त्याच आईला दाई म्हणून बोलावण्यात आले. म्हणून एखाद्या गीतात पाण्यावरची पेटी आली, तर काठावर कोणी उभे आहे की नाही, हे प्रथम पाहावे. कोणी असेल तर ते गीत रक्षणाचे. नसेल तर परित्यागाचे, मग कवीने नाव कोणाचेही घेतलेले असो.

ही देवाणघेवाण एकाच दिशेने झाली असे नव्हे. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी 1616 मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्रिस्तपुराणासाठी ओवी स्वीकारली, आणि रेव्हरंड ना. वा. टिळक, जे तुकारामाच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे सांगत, त्यांनी अभंगच लिहिले. त्यांची ख्रिस्तभक्ती वाचताना ज्याला वारकरी परंपरा ठाऊक नाही, त्याची स्थिती बायबल न वाचलेल्या वाचकाहून बरी नसते.

एलियाहू संदेष्टा अग्नीच्या रथातून स्वर्गी गेला, ही कथा तर एकाच रथाचे दोन अर्थ दाखवते. विल्यम ब्लेकच्या ज्या कवितेला ह्यूबर्ट पॅरीने 1916 मध्ये चाल दिली, तीत कवी धनुष्यबाणांसह तो रथ शस्त्रसामग्री म्हणून मागतो, कारण त्याला आपला देश नव्याने घडवायचा आहे. इकडे अलिबागजवळच्या खंडाळे गावी कातळावरील खुणा त्याच रथाच्या चाकांच्या व घोड्यांच्या टापांच्या होत, अशी बेने इस्रायलांची श्रद्धा आहे. नवस फेडताना ते गोड पोहे, खोबरे आणि फळांचा मलिदा करून एलियाहूचे स्तवन गातात. या स्तवनात रथ लढाईचा नसून भेटीचा आहे: आकाशात गेलेला संदेष्टा येथे घरी येणारा पाहुणा होतो.