गुलाबी की निळा, विचारलं असतं तर?

मागच्या वर्षी एका कॉलेजच्या फेस्टला मी रजिस्ट्रेशन डेस्कवर बसले होते. काम सोपं. आयडी बघायचा, यादीत टिक करायची आणि हाताला कागदी बँड बांधायचा. मुलींना गुलाबी, मुलांना निळा. असं का, ते कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्हीही विचारलं नव्हतं.

रांगेत एकजण आला. बारीक कापलेले केस, सैल चेक्सचा शर्ट, पाठीला सॅक. आयडीवर नाव मुलीचं. मी गुलाबी बँड पुढे केला. त्यानं निळ्या गठ्ठ्याकडे बोट दाखवलं. मी हसून म्हटलं, "अगं, तो बॉईजचा आहे!" मागे रांग वाढत होती. त्यानं गुलाबी बँड घेतला, न बांधताच खिशात टाकला आणि निघून गेला.

दुपारी ऑडिटोरियमच्या दारात व्हॉलंटियरनं त्याला अडवलं. बँड कुठाय? त्यानं खिशातून चुरगळलेला गुलाबी बँड काढला आणि दाखवला. तेव्हाही मला काही कळलं नाही. कळलं ते नंतर, चर्चासत्रात. प्रेक्षकांतून प्रश्न विचारायला त्यानं माईक हातात घेतला आणि पहिलंच वाक्य "मी सकाळी आलो तेव्हा..." असं सुरू केलं. आलो. पुढे त्यानं शांतपणे सांगितलं की तो ट्रान्स मॅन आहे. बँडचा विषय त्यानं काढला नाही. मी मात्र खुर्चीत आक्रसून बसले होते.

तुम्ही म्हणाल, एका कागदी बँडचं एवढं काय घेऊन बसलीस? आधी मीही हेच म्हटलं असतं. म्हणून म्हटलं, एक दिवस त्याच्या जागी उभं राहून बघूया.

समजा, तुम्ही...

आधी शब्द समजून घेऊ. ट्रान्स मॅन म्हणजे जन्माच्या वेळी ज्याची नोंद 'मुलगी' अशी झाली, पण जो स्वतःला पुरुष म्हणून ओळखतो तो. आपल्याकडे 'ट्रान्सजेंडर' म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर ट्रेनमध्ये टाळ्या वाजवत येणाऱ्या तृतीयपंथीच येतात. ट्रान्स मॅन येत नाही. तो बहुतेक वेळा कुणाच्या तरी घरात 'मुलगी' म्हणूनच वाढत असतो. लहानपणी 'टॉमबॉय आहे आमची' असं कौतुक होतं. वयात आल्यावर तेच कौतुक 'आता पुरे' होतं आणि कॉलेज संपत आलं की स्थळं सुरू होतात.

तर समजा, तुम्ही वसईत राहता. तुम्ही मुलगा आहात. तुम्हाला ते पक्कं माहीत आहे, घरात कुणालाच नाही.

सकाळी आई हाक मारते, "उठलीस का गं?" पहिलाच शब्द चुकीचा, पण तुम्ही उठता. टेबलावर दहावीच्या निकालाला मामानं दिलेलं घड्याळ आहे. सोनेरी, नाजूक पट्टा, नखाएवढी डायल. वेळ बरोबर दाखवतं. तरी ते मनगटावर चढवलं की दिवसभर तिकडे बघवत नाही. कानांची भोकं तुम्ही पाळण्यात असतानाच पाडलेली. आजी म्हणते, कान मोकळे ठेवू नयेत, निदान टॉप्स तरी घाल. कपाटातल्या शर्टांची बटणं डाव्या बाजूला, कारण ते लेडीज सेक्शनमधून आणलेत. मुलांच्या शर्टाची उजव्या बाजूला असतात. तुमच्या कधी लक्षात आलंय? त्याच्या येतं. रोज, बटण लावताना.

घराबाहेर पडता. रिक्षावाला म्हणतो, "ताई, स्टेशन?" झेरॉक्सवाला म्हणतो, "मॅडम, किती कॉपी?" कुणाचाच हेतू वाईट नाही. उलट सगळे आदरानंच बोलतायत, त्यामुळे रागही काढता येत नाही. दुपारपर्यंत असे दहा-बारा टोचे बसतात. प्रत्येक वेळी थांबून समजावायचं की गिळून पुढे जायचं, हे ठरवावं लागतं. बहुतेक वेळा गिळलंच जातं.

विरार लोकलचा पेच

आता प्लॅटफॉर्म. लोकलच्या गर्दीचा विषय निघाला की विरारचं नाव सगळ्यात आधी येतं, हे तुम्हाला सांगायला नको. पश्चिम रेल्वेची पहिली लेडीज स्पेशल ५ मे १९९२ ला चर्चगेट ते बोरिवली धावली आणि पुढच्याच वर्षी विरारपर्यंत आली. इथल्या बायकांना नोकरी-कॉलेज जमलं त्यात या गाडीचा आणि लेडीज डब्याचा वाटा मोठा आहे. मीही रोज त्याच डब्यात असते. त्याची गरज माझ्याइतकी कुणाला कळणार?

पण ट्रान्स मॅननं कुठल्या डब्यात चढायचं? लेडीजमध्ये चढला तर बारीक केस आणि शर्ट बघून, "ओ भाईसाब, लेडीज है!" गंमत म्हणजे 'भाईसाब' ऐकून त्याला क्षणभर बरंही वाटू शकतं, पण उतरावं लागतं किंवा आवाज ऐकवून 'मुलगी' असल्याचं सिद्ध करावं लागतं. जनरलमध्ये चढला तर ती चेंगराचेंगरी, आणि कुणाला ओळखू आलं तर काय, ही धास्ती.

त्यात बाइंडर घातलेला असेल तर आणखी वेगळं गणित. बाइंडर म्हणजे छाती सपाट दिसावी म्हणून शर्टाच्या आत घालायचा घट्ट कपडा. अनेक ट्रान्स पुरुषांना तो घातल्यावरच आरशात बघावंसं वाटतं. पण तो सलग आठ तासांच्या वर घालू नये, झोपताना तर नाहीच, असा सल्ला साधारणपणे दिला जातो. आता हिशोब करा. विरार ते चर्चगेट साठ किलोमीटर. सकाळी आठला घर सोडलं, लेक्चर्स, प्रॅक्टिकल आणि परतीची गाडी धरून घरी पोहोचायला सहा. झाले दहा तास. तेही आपल्याकडच्या मे महिन्याच्या दमटपणात, घामानं भिजलेल्या कपड्यात, जिथं साध्या टी-शर्टमध्येही श्वास कोंडतो तिथं. बाइंडर मिळत नाही किंवा परवडत नाही म्हणून काहीजण क्रेप बँडेज किंवा टेप गुंडाळतात. ते धोक्याचं आहे. बँडेज हलता-बोलताना आवळत जातं, बरगड्यांवर दाब येतो, श्वास अडतो. हे वाचणाऱ्यांपैकी कुणी तसं करत असेल तर प्लीज, आज थांबवा.

हळदीच्या रात्री

आता लग्नसराई. वसई-विरार पट्ट्यातल्या हळदी तुम्ही पाहिल्या असतील. डीजे, अंगणभर माणसं आणि घरातल्या सगळ्या पोरींना एकाच रंगाच्या साड्या. चुलतबहिणीची हळद असेल तर 'नाही' म्हणायची सोय नसते. साडी, गजरा, टिकली, पैंजण आणि कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. बांगड्या भरणारी बाई हात दाबून दाबून मऊ करते आणि म्हणते, केवढा कडक हात गं तुझा! सगळ्या हसतात. फोटो निघतात. तो फोटो फॅमिली ग्रुपवर पडतो आणि कायमचा राहतो.

बांगडीचं आपल्या भाषेनं काय केलंय तेही बघा. पुरुषाला भित्रा म्हणायचं तर आपण म्हणतो, "हातात बांगड्या भरल्यात का?" म्हणजे बांगडी बाईच्या हातात असली तर शोभा आणि पुरुषाच्या हातात असली तर अपमान. जो पुरुष आहे आणि ज्याच्या हातात त्या जबरदस्तीनं भरल्या जातायत, त्याला एकाच बांगडीतून दोन्ही ऐकू येतं.

मग दोष घड्याळाचा का?

नाही. इथेच माझा सगळ्यात जास्त गोंधळ झाला होता. मला वाटलं, ट्रान्स पुरुषांना दागिन्यांचा तिटकारा असतो. तसं काही नाही. दागिन्याला स्वतःचं लिंग नसतं, आपण ते चिकटवतो आणि सोयीनं बदलतोही. भिकबाळी आठवा. पेशवाईत पुरुष कानाच्या वरच्या भागात मोत्याची भिकबाळी घालायचे आणि गणपतीत ढोल-ताशा पथकातली पोरं ती आजही हौसेनं घालतात. मनगटी घड्याळाचं तर उलटंच झालं. पहिल्या महायुद्धाआधी युरोपात ते बायकांचं लेणं समजलं जायचं. पुरुष घड्याळ खिशात ठेवायचे. खंदकात खिशातून घड्याळ काढत बसायला वेळ नव्हता, सैनिकांनी ते मनगटावर बांधलं आणि ते 'मर्दानी' झालं.

आज आपल्या वर्गातला एखादा मुलगा कानात बाळी घालून आला तर आपण म्हणतो, भारी दिसतोय. ट्रान्स मॅननं तीच बाळी स्वतःच्या आवडीनं घातली तर लगेच ऐकवतात, "बघ, शेवटी मुलगीच ना!" फरक हा आहे. इतरांसाठी ती फॅशन असते, त्याच्या बाबतीत ती पुरावा म्हणून वापरली जाते. म्हणूनच एखादा पुरुषी समजली जाणारी प्रत्येक गोष्ट धरून बसतो आणि नाजूक दिसणारी प्रत्येक गोष्ट टाळतो. आवड नसते म्हणून नव्हे, परवडत नाही म्हणून.

मी आलो, मी आले

इंग्रजीत 'आय केम' म्हणून सुटता येतं. मराठीत नाही. तोंड उघडलं की आलो की आले, जातो की जाते, हे ठरवावंच लागतं. घरी अजून सांगितलं नसेल तर? मग वाक्यं जुळवावी लागतात. 'मी जेवलो' किंवा 'जेवले' ऐवजी 'माझं जेवण झालं'. 'मी येतो' किंवा 'येते' ऐवजी 'येईन मी'. 'आम्ही गेलो' चालतं, कारण 'आम्ही' सगळ्यांसाठी एकच. एक दिवस असं बोलून बघा. संध्याकाळपर्यंत डोकं दुखेल.

गंमत म्हणजे कोल्हापूर-बेळगाव भागात कितीतरी मुली अगदी सहज 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात. तिथं कुणाचं काही बिघडत नाही. म्हणजे भाषेला जमतं. कान तयार हवेत.

आणि हो, हा लेख 'तुम्ही' म्हणत लिहिलाय, हे लक्षात आलं का? 'तू' म्हटलं असतं तर 'गेलास' की 'गेलीस' यावर मला तुमच्याबद्दल अंदाज बांधावा लागला असता. एकदा बांधून चुकलेय.

कागदावर काय आहे?

१५ एप्रिल २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं 'नालसा' खटल्याच्या निकालात सांगितलं की स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याला आहे. त्याच वर्षी १ ऑगस्टला आपला पालघर जिल्हा झाला, म्हणजे हा निकाल आणि आपला जिल्हा एकाच वयाचे. २०१९ मध्ये ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठी कायदा आला आणि त्यात ओळखीच्या प्रमाणपत्राची जबाबदारी जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे दिली गेली. कायद्यानं शिक्षण आणि नोकरीतल्या भेदभावालाही मनाई केली.

महाराष्ट्रात या विषयाची सगळ्यात गाजलेली लढाई बीडच्या पोलीस कॉन्स्टेबल ललित साळवे यांची. त्यांची नोकरी महिला कॉन्स्टेबल म्हणून होती. वैद्यकीय तपासणीत वाय क्रोमोसोम आढळला होता, त्यामुळे त्यांची केस नेमकी ट्रान्स मॅनची म्हणता येणार नाही. पण 'मी पुरुष आहे' हे यंत्रणेला पटवणं किती कठीण असतं, ते त्यातून सगळ्यांना दिसलं. २०१७ मध्ये शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली, ती नाकारली गेली, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं. अखेर मे २०१८ मध्ये सरकारनं परवानगी दिली आणि त्याच महिन्यात मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली. पुढे ते पुरुष कॉन्स्टेबल म्हणून कामावर राहिले, लग्न झालं आणि जानेवारी २०२४ मध्ये ते बाबा झाले.

मात्र सगळ्यांनाच शस्त्रक्रिया हवी असते किंवा परवडते असं नाही. ती केली नाही म्हणून कुणी कमी पुरुष ठरत नाही.

आपल्या हातात काय?

कोर्ट, कायदा आपल्या हातात नाही. पण फेस्ट आपल्या हातात आहे, कॅन्टीन, वर्गाचा ग्रुप आणि ट्रॅडिशनल डे आपल्या हातात आहे.

• नाव, सर्वनाम माहीत नसेल तर विचारा. "तुला काय म्हणू?" एवढंच.
• चुकलात तर पटकन सॉरी म्हणा आणि पुढे बोला. तुमच्या अपराधी वाटण्याचं ओझं त्याच्यावर टाकू नका.
• जुनं नाव काय, ऑपरेशन झालं का, हे विचारू नका. तुमच्या शरीराबद्दल कॅन्टीनमध्ये कुणी विचारलं तर?
• त्यानं विश्वासानं सांगितलं असेल तर ते तुमच्यापाशीच ठेवा. घरी कळलं तर काय होईल, ते त्यालाच माहीत असतं.
• ट्रॅडिशनल डेला 'गर्ल्स साडी, बॉईज कुर्ता' लिहायची खरंच गरज आहे का?

आणि हे वाचताना तुम्हाला हा लेख आपल्याबद्दलच आहे असं वाटलं असेल, तर तुम्ही एकटे नाही. मुंबईत हमसफर ट्रस्टसारखी संस्था १९९४ पासून काम करतेय. मन फार जड झालं तर टेलिमानसच्या १४४१६ या सरकारी हेल्पलाइनवर मराठीत बोलता येतं.

त्या मुलाला मी पुन्हा भेटले नाही. सॉरी म्हणायचं राहून गेलं. यंदा त्याच फेस्टच्या टीममधल्या ज्युनिअर्सना मी मेसेज केला, बँड सगळ्यांना एकाच रंगाचे घ्याल का? मोठं कारण टाईप करत होते, तेवढ्यात उत्तर आलं, "ओके ताई. तसंही एकाच रंगाचे स्वस्त पडतात."